गावच्या विहिरी नकाशावर: क्यूजीआयएस शिकता शिकता लिहिलेल्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून नोंदी ठेवतेय. आमचं गाव पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात, पावसाच्या पडछायेचा भाग. अंजीर, सीताफळ, वाटाणा, कांदा, सगळं विहिरीवर. ग्रामपंचायतीची पिण्याच्या पाण्याची विहीर ओढ्याच्या काठाला आहे आणि पूर्वी ती एप्रिलपर्यंत पुरायची, आता फेब्रुवारी संपता संपता तळ दिसायला लागतो आणि मग टँकर. प्रत्येकाचं म्हणणं वेगळं, कुणी म्हणतं बोअर वाढले, कुणी म्हणतं पाऊसच कमी झालाय, कुणी म्हणतं वरच्या माळावर मुरूम काढला म्हणून. मला एवढंच करायचंय की सगळ्या विहिरी एका नकाशावर याव्यात आणि त्या विहिरीत पाणी नक्की कुठून येतं ते सगळ्यांना एकदा दिसावं.

नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस. फुकट आहे, मुक्त आहे, २००२ साली गॅरी शेरमन यांनी सुरू केलं तेव्हा क्वांटम जीआयएस म्हणायचे. डाउनलोडच्या पानावर दोन आवृत्त्या दिसतात, एक एकदम नवी आणि एक लाँग टर्म रिलीज, म्हणजे जास्त काळ टिकणारी, स्थिर. शिकणाऱ्यानं डोळे झाकून दुसरी घ्यावी, मी ३.३४ घेतली. नव्या आवृत्तीत बटणं इकडची तिकडे होतात आणि आपण आधीच गोंधळलेलो असतो.

उघडल्यावर पांढरा पडदा. डाव्या बाजूच्या ब्राउझरमध्ये एक्सवायझेड टाइल्स म्हणून आहे, त्यात ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला जगाचा खुला नकाशा) तयारच असतो, त्यावर डबल क्लिक केलं की जग समोर. मग झूम करत करत सासवड, तिथून आमचा रस्ता, आमचं देऊळ. आई शेजारी बसली होती, म्हणाली आपलं घर कुठाय. घर नव्हतंच त्यात, वस्तीचा रस्तासुद्धा नव्हता. म्हणजे सुरुवात इथून.

थर ही एकच कल्पना आज डोक्यात पक्की बसवली. नकाशा म्हणजे एक चित्र नाही, एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर आहेत, ज्याचा कागद वर तो आधी दिसतो. विहिरी म्हणजे बिंदू, ओढे आणि रस्ते म्हणजे रेषा, शेतं म्हणजे बहुभुज, आणि उपग्रहाचं चित्र म्हणजे रास्टर, चौकटी चौकटींचं. प्रत्येक बिंदूच्या मागे एक तक्ता असतो, एक ओळ म्हणजे एक विहीर. हा तक्ता हाच खरा जीव आहे, नुसते ठिपके कुणीही काढेल.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी दादाबरोबर (चुलतभाऊ) गाडीवर अकरा विहिरी फिरले. मोबाइलच्या जीपीएसवर अक्षांश रेखांश बघून वहीत लिहिले. उघड्या आभाळाखाली तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर येतं, पण चिंचेखाली उभं राहिलं की आकडा नाचतो. म्हणून कठड्याजवळ मोकळ्यात मिनिटभर थांबायचं, आकडा ठरला की मगच लिहायचा.

खोली विचारली की लोक परसात (माणसाच्या अंगावरून धरलेलं माप) सांगतात. सात परस, आठ परस. आणि परस हा ज्याच्या त्याच्या अंगावर असतो, त्यामुळे ते तसंच वेगळ्या रकान्यात लिहिलं आणि आम्ही स्वतः टेपला दगड बांधून फुटात मोजलं ते वेगळ्या रकान्यात. लोकांनी सांगितलेलं आणि आपण मोजलेलं एकाच रकान्यात घातलं तर नंतर कधीच वेगळं करता येत नाही. पाण्याची पातळी मोटर चालू व्हायच्या आधी घ्यायची, उपसा सुरू झाल्यावरची पातळी ही विहिरीची पातळी नसते. आमच्याकडे लाइटचं वेळापत्रक आठवड्याला बदलतं, त्यामुळे आधी लाइट कधी आहे ते विचारूनच निघायचं.

घरी येऊन एक्सेलमध्ये भरलं, सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं, मग लेअर मेन्यूतून ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेअर. तिथे एक्स फील्ड आणि वाय फील्ड विचारतात. आपण बोलताना कायम अक्षांश-रेखांश असं म्हणतो, त्याच क्रमानं मी एक्सला अक्षांश दिला आणि वायला रेखांश. विहिरी दिसेनात. लेअरवर राइट क्लिक करून झूम टू लेअर केलं तर अकराच्या अकरा विहिरी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात, नॉर्वेच्याही वर, बेअर आयलंड नावाच्या बेटाजवळ. कारण आम्ही १८ उत्तर, ७४ पूर्व, आणि उलट केलं की ७४ उत्तर, १८ पूर्व. म्हणून एक्स म्हणजे रेखांश, आडवा, आणि वाय म्हणजे अक्षांश, उभा. महाराष्ट्रात काम करताना रेखांशाचा आकडा नेहमी मोठा असतो, ७२ ते ८१ च्या आत, एवढं ध्यानात ठेवलं तरी चूक लगेच कळते.

दुरुस्त केल्यावर ठिपके ओढ्याच्या कडेनं ओळीनं उभे राहिले. दादा म्हणाला, अरे ही आपली विहीर. त्यानं स्क्रीनवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

२६ जानेवारी, रविवार

ग्रामसभेत विषय मांडला. सरपंच ताईंनी पाठिंबा दिला. एका काकांनी सरळ विचारलं की माझ्या विहिरीचं पाणी सगळ्यांना कशाला दाखवायचं, उद्या शेजारी भांडायला येईल. प्रश्न रास्त आहे. ठरलं असं की भिंतीवर लावायच्या नकाशात मालकाचं नाव नाही, गट नंबर नाही, फक्त विहिरीचा क्रमांक. नावांची यादी ग्रामपंचायतीच्या कपाटात. क्यूजीआयएसमध्ये हे सोपं आहे, नाव वेगळ्या तक्त्यात ठेवायचं आणि क्रमांकावरून जॉइन करायचं, म्हणजे छापताना तो तक्ता काढला की नावं जातात.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस सीआरएसचा. कोऑर्डिनेट रेफरन्स सिस्टिम, म्हणजे गोल पृथ्वीवरची जागा आकड्यात कशी सांगायची त्याची पद्धत. हा भाग सगळे घाईत उरकतात आणि पुढची सगळी रडारड इथूनच सुरू होते, म्हणून नीट लिहिते.

मोबाइल देतो ते अंश, डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ती पद्धत) मधले, क्यूजीआयएसमध्ये त्याचा नंबर ईपीएसजी ४३२६. अंशात जागा सांगता येते पण मोजता येत नाही. आमच्या अक्षांशाला एक अंश उत्तर-दक्षिण साधारण ११०.७ किलोमीटर आणि एक अंश पूर्व-पश्चिम साधारण १०५.७ किलोमीटर, म्हणजे उभा अंश आणि आडवा अंश सारखेच नाहीत.

हे कळलं ते बफर, म्हणजे एखाद्या जागेभोवती ठरावीक अंतराचं कडं, काढताना. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घ्यायची नाही हा नियम १९९३ च्या भूजल कायद्यापासून आहे, म्हणून म्हटलं ग्रामपंचायतीच्या विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढू. बफरच्या खिडकीत ५०० टाकलं, रन केलं, आणि सगळी स्क्रीन एका रंगाची. लेअर अंशात होता, त्यामुळे सॉफ्टवेअरनं ५०० अंशांचं वर्तुळ काढलं. आकड्याच्या शेजारी एकक लिहिलेलं असतं, डिग्रीज, मी वाचलंच नव्हतं.

उपाय: आधी लेअर मीटरवाल्या पद्धतीत आणायचा. आपल्याकडे यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत. ७२ ते ७८ अंश पूर्व हा पट्टा ४३ उत्तर, नंबर ईपीएसजी ३२६४३, आणि ७८ ते ८४ हा ४४ उत्तर, नंबर ३२६४४. पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये, विदर्भातल्या कुणी हे वाचून आंधळेपणानं ३२६४३ टाकू नये. प्रोसेसिंग टूलबॉक्समधून रीप्रोजेक्ट लेअर करायचं. लेअरवर राइट क्लिक करून सेट सीआरएस करायचं नाही! सेट म्हणजे नुसती पाटी बदलणं, आकडे तेच राहतात, म्हणजे मुंबईच्या एसटीला नुसती कोल्हापूरची पाटी लावली तर गाडी कोल्हापूरला पोचत नाही तसं. रीप्रोजेक्ट म्हणजे आकडे खरोखर बदलून नवी फाइल. मी हे दोन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवलेत.

मग बफर बरोबर आला. त्यात तीन खासगी विहिरी पडतात. दोन जुन्या आहेत, नियमाच्या कितीतरी आधीच्या.

९ फेब्रुवारी, रविवार

दोन गोष्टी, दोन्ही डोकेदुखीच्या.

विहिरींचा लेअर शेपफाइल (नकाशाचा डेटा ठेवायचा एक प्रकार) म्हणून सेव्ह केला होता कारण सगळे तेच नाव घेतात. शेपफाइल ही एक फाइल नसतेच, शेप, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे असा सगळा कुटुंबकबिला असतो, एक जरी मागे राहिली तरी अडतं. आणि रकान्याच्या नावाला दहा बाइटची मर्यादा. इंग्रजीला दहा अक्षरं मिळतात, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात. माझ्या ‘पाण्याची पातळी’ या रकान्याचं नुसतं ‘पाण’ उरलं. ज्यांना मराठीत काम करायचंय त्यांनी शेपफाइलच्या वाटेला जाऊ नये, जिओपॅकेज घ्यावं, एकच फाइल, आत हवे तेवढे लेअर, मराठी नावं पूर्ण राहतात. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर दोन रात्री वाचल्या असत्या.

दुसरं, पेनड्राइव्हवर प्रोजेक्ट टाकून ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर उघडला तर सगळ्या लेअरपुढे उद्गारचिन्ह. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये डेटा नसतो, फक्त डेटा कुठे ठेवलाय त्याचा पत्ता आणि रंग-बिंग असतात. एका फोल्डरमध्ये सगळं ठेवायचं आणि अख्खा फोल्डर उचलायचा.

१ मार्च, शनिवार

एका निवृत्त सरांकडे सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीटची प्रत मिळाली, १ : ५०,०००. शीटच्या नंबरची गंमत त्यांनीच समजावली. ४७ हा चार अंश बाय चार अंशांचा मोठा चौकोन, त्याचे सोळा भाग ए ते पी, प्रत्येक एक अंशाचा, आणि त्या प्रत्येकाचे परत सोळा, पंधरा मिनिटांचे. नंबर वरून खाली येतात, मग पुढचा उभा रकाना. पुणे ४७ एफ/१४, आम्ही ४७ जे/३. कागदावर हाताने चौकोन काढून मी स्वतः आमचा नंबर काढला तेव्हा फार बरं वाटलं.

स्कॅन करून जिओरेफरन्सरमध्ये (चित्राला नकाशावरची त्याची जागा देणारं साधन) उघडली. कोपऱ्यांवर अक्षांश रेखांश छापलेले असतातच, ते चार बिंदू दिले, पॉलिनॉमियल १ निवडलं (त्याला कमीत कमी तीन बिंदू लागतात, पण चौथा दिला तर चूक किती ते कळतं), सीआरएस ४३२६ ठेवला. शीट बसली. पण देऊळ ओपनस्ट्रीटमॅपवर एकीकडे आणि शीटवर आग्नेयेला सरकलेलं. ओढाही सरकलेला, रस्ताही, सगळंच एकाच दिशेनं आणि सारख्याच अंतरानं. मोजलं, सव्वाशे ते दीडशे मीटरच्या दरम्यान. बिंदू परत दिले, परत तेच.

संध्याकाळी सरांना फोन केला तेव्हा उलगडा. जुन्या शीट डब्ल्यूजीएस ८४ वर नाहीत, एव्हरेस्टच्या मापावर आहेत. विल्यम लॅम्ब्टननं १८०२ मध्ये मद्रासहून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, साखळ्या आणि अवजड थिओडोलाइट घेऊन माणसं वर्षानुवर्षं उत्तरेकडे सरकत राहिली, आणि लॅम्ब्टन १८२३ मध्ये वारला तो आपल्या हिंगणघाटला, त्याची कबरही तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं ते काम चालवलं आणि त्या मोजणीवरून १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचं माप काढलं. ते माप भारताला नीट बसेल असं होतं. उपग्रहांच्या काळातलं डब्ल्यूजीएस ८४ अख्ख्या पृथ्वीच्या केंद्रावरून काढलेलं आहे. त्यामुळे तोच १८ अंश २० मिनिटे दोन्हीत वेगळ्या ठिकाणी पडतो. शीट चुकीची नाही आणि मोबाइलही चुकीचा नाही.

जिओरेफरन्सरमध्ये सीआरएस ४३२६ च्या जागी कल्याणपूर १९७५ (एव्हरेस्टच्या मापावरचीच पद्धत), म्हणजे ईपीएसजी ४१४६ दिला आणि परत केलं. देऊळ देवळावर बसलं. मी उठून दोन चकरा मारल्या घरात. ५०,००० च्या शीटवर १३० मीटर म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर, कागदावर कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण विहिरीच्या बाबतीत तेवढ्यात ओढ्याचा अलीकडचा काठ पलीकडे जातो.

१६ मार्च, रविवार

धुळवड आणि पाहुणे यात आठवडा गेला. आज उंचीचा डेटा.

एसआरटीएम घेतला. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारनं जगाचा बहुतेक भूभाग मोजला, त्याचा ३० मीटरचा डेटा आता फुकट मिळतो. एक चौकट ३० बाय ३०, म्हणजे ९०० चौरस मीटर. आमच्या भाषेत साधारण नऊ गुंठे (गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०१ चौरस मीटर). नऊ गुंठ्याला उंचीचा एकच आकडा, हे कायम डोक्यात ठेवायचं.

मला आधी हौस होती की जमिनीच्या उंचीतून पाण्याची खोली वजा करायची आणि भूजलाच्या पातळीचा नकाशा काढायचा. काढलाही, सुंदर निळ्या रेषा आल्या. मग वाचलं की एसआरटीएमच्या उंचीत १६ मीटरपर्यंत चूक धरून चालायची असते. आमची अख्खी विहीर चाळीस फूट, म्हणजे बारा मीटर. विहिरीपेक्षा मोठी चूक ज्या आकड्यात आहे त्यावर पाण्याची पातळी काढणं म्हणजे लोकांना फसवणं. लेअर डिलीट केला. असा नकाशा भिंतीवर लागला असता तर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, रंगीत आहे म्हणून.

उतार कुठे जातो एवढ्यासाठी मात्र तो डेटा चालतो, कारण तिथे शेजारच्या चौकटींमधला फरक महत्त्वाचा. डीईएम, म्हणजे हा उंचीचा रास्टर, आधी ३२६४३ मध्ये आणला, मग ग्रासमधलं (क्यूजीआयएसमधून चालणारं दुसरं सॉफ्टवेअर) आर डॉट वॉटरशेड, थ्रेशहोल्ड २००. म्हणजे वरून २०० चौकटींचं, १८ हेक्टरचं पाणी जिथे गोळा होतं तिथून पुढे ओढा समज. मिनिटभरात ओढे उमटले आणि जुन्या शीटवरच्या निळ्या रेषांवर बऱ्यापैकी बसले. दोन्ही थर एकमेकांवर ठेवून पारदर्शकता कमीजास्त करत कितीतरी वेळ बघत बसले. एक शीट माणसांनी डोंगर चढून काढलेली, दुसरी अंतराळातून, आणि ओढा तोच.

मग आर डॉट वॉटर डॉट आउटलेट, एखाद्या बिंदूला कुठून कुठून पाणी येतं ते काढणारं, त्याला ग्रामपंचायतीच्या विहिरीचे आकडे दिले. पाणलोट आला चार चौकटींचा. चार! ३६ गुंठे. कारण विहीर ओढ्याच्या काठाला आहे, ओढ्याच्या चौकटीत नाही, दोन चौकटी बाजूला, त्यामुळे तिला फक्त बाजूच्या बांधाचं पाणी मिळालं. बिंदू सरकवून नेमका ओढ्याच्या चौकटीवर ठेवला तेव्हा पाणलोट पसरला तो थेट वरच्या माळापर्यंत, शेजारच्या गावाच्या शिवेला टेकला.

इथे एक मनाला बजावते. हा जमिनीवरून वाहणाऱ्या पाण्याचा पाणलोट आहे. काळ्या पाषाणाच्या भेगांतून आणि मुरमातून खाली पाणी कसं जातं ते यात दिसत नाही, दोन्ही तंतोतंत सारखं असेलच असं नाही.

२३ मार्च, रविवार

आजचा दिवस या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा.

मोबाइलवर क्यूफील्ड (क्यूजीआयएसचा प्रोजेक्ट मोबाइलवर चालवणारं ॲप) टाकलं, प्रोजेक्ट त्यात घेतला, आणि आबांना बरोबर घेऊन पाणलोटाच्या कडेनं चालले. आबा पंचाहत्तरीचे, तरुणपणी याच माळावर गुरं राखलेली. मोबाइलवर निळा ठिपका आपल्याबरोबर चालतो ते बघून ते म्हणाले, हे बरंय, माणूस हरवत नाही.

खालपर्यंत सगळं जुळलं. वरच्या अंगाला, जिथे डांबरी रस्ता माळ कापून जातो तिथे आबा थांबले. म्हणाले, हितनं पाणी खाली येत नाही आता. मी मोबाइल दाखवला, की आबा यात तर येतंय. ते म्हणाले, येत होतं. रस्ता झाला तेव्हा भराव टाकला, मोरी ठेवली, पण मोरी दोनच पावसाळ्यात गाळानं बुजली. तेव्हापासून वरचं पाणी रस्त्याच्या कडेच्या चारीनं पलीकडं जातं, दुसऱ्या ओढ्याला.

मी मोरीत वाकून बघितलं. नळ्याचं तोंड वरून हातभर उघडं, बाकी गाळ, काटेरी झुडूप, प्लास्टिक. चारीत मात्र वाहून आलेल्या बारीक खड्यांच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, सगळ्या पलीकडच्या दिशेला वळलेल्या. रस्ता झाला २००० नंतर. एसआरटीएमनं माळ पाहिला तेव्हा भराव नव्हताच. यान खोटं बोललं नाही, त्यानं तेव्हाचं सांगितलं, आणि आबा आत्ताचं सांगत होते.

क्यूफील्डमध्ये तिथेच उभं राहून मोरीचा बिंदू टाकला, फोटो जोडला, आणि चारीच्या कडेनं चालत तिची रेषा काढली, ५४० मीटर. आबा पुढे, मी मागे.

घरी येऊन पाणलोटाचा बहुभुज चारीच्या रेषेनं कापला, स्प्लिट फीचर्सनं, स्नॅपिंगचं चुंबक चालू ठेवून, नाहीतर कडा जुळत नाहीत आणि मधे बारीक फटी राहतात. रस्त्याच्या वरचा तुकडा वेगळा झाला. फील्ड कॅल्क्युलेटरनं दोन्हीचं क्षेत्र काढलं. वरचा तुकडा एकूण पाणलोटाच्या जवळजवळ चौथा हिस्सा आहे. चार आण्यातला एक आणा पाणी वाटेतच वळलं.

१३ एप्रिल, रविवार

पाडव्याला आणि त्यानंतरच्या रविवारी काहीच झालं नाही, काढणी होती.

आज सेंटिनेल-२ उपग्रहाचं चित्र, एप्रिलच्या पहिल्या आठवड्याचं, ढग नसलेलं. त्याचे बँड चार आणि आठ, म्हणजे लाल आणि जवळचा अवरक्त, १० मीटरचे. एक पिक्सेल १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर एक गुंठा! हे लक्षात आल्यावर मला हे चित्र आपलं वाटायला लागलं. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये आठ वजा चार, भागिले आठ अधिक चार, हा झाला एनडीव्हीआय, हिरवेपणाचा आकडा. हिरवं पान लाल प्रकाश खातं आणि अवरक्त परत फेकतं, म्हणून जिथे पीक जोमात तिथे आकडा एककडे सरकतो.

एप्रिलात आमच्याकडे जे हिरवं ते विहिरीवरचंच. आणि पट्टा स्वच्छ दिसतो, ओढ्याच्या दोन्ही बाजूंना हिरवा, माळ करडा. पण पलीकडच्या ओढ्याच्या सुरुवातीला, जिथे चारीचं पाणी उतरतं, तिथे एक हिरवा पट्टा आहे. दादाला दाखवला. तो म्हणाला तिथे चार वर्षांपूर्वी नवी अंजिराची बाग लागली. यावरून मी काही सिद्ध करत नाही, बागेला ठिबक असेल, बोअरही असेल. नोंद म्हणून ठेवतेय. आणि ती बाग लावणाऱ्याचा यात काही दोष नाही हे ग्रामसभेत आधी सांगायचं.

२६ एप्रिल, शनिवार

प्रिंट लेआउट. विहिरी ६३ झाल्या. सूची, उत्तर दिशेचा बाण, स्केल बार, तारीख, डेटा कुठला त्याची ओळ. रंग कमीत कमी ठेवले, पाणलोट फिकट निळा, रस्त्याच्या वरचा तुकडा फिकट केशरी, मोरीला लाल ठिपका. पहिल्यांदा मी सगळे थर एकदम चालू ठेवले होते, सरपंच ताई म्हणाल्या, यात बघायचं काय ते मला कळेना. त्यांचं बरोबर होतं. ५०० मीटरचं वर्तुळही काढून टाकलं, ते दिसलं की सगळी सभा त्या तीन विहिरींवरच भांडत बसेल आणि मोरी राहून जाईल.

फ्लेक्सच्या दुकानात एक गोष्ट शिकले. मी १ : १०,००० असं आकड्यात लिहिलं होतं. दुकानदारानं चित्र ताणून दुप्पट केलं आणि तो आकडा तिथेच खोटा झाला. स्केल बार मात्र चित्राबरोबर ताणला जातो त्यामुळे खरा राहतो. आकडा पुसला, नुसता बार ठेवला.

१ मे, गुरुवार

ग्रामसभा. फ्लेक्स मारुतीच्या देवळाच्या भिंतीला लावला. अर्धा तास कुणी विषयावर आलंच नाही, प्रत्येक जण आधी आपलं घर, आपली विहीर, आपली वस्ती शोधत होता. वरच्या वस्तीच्या एका काकूंनी मार्कर मागितला आणि ओढ्याच्या वळणाला एक टिंब केलं, म्हणाल्या इथं जुना झरा आहे, आम्ही लग्न होऊन आलो तेव्हा हंडे तिथून आणायचो. माझ्या नकाशात तो नव्हता.

मग आबांनी लाल ठिपक्यावर काठी टेकवली आणि मोरीचं सांगितलं. मी काही बोलायची गरज पडली नाही. जे मुरमाचं म्हणत होते ते म्हणाले, मुरमाचं पण बघा. बघायचंच आहे. रस्ता ज्या खात्याचा आहे त्यांना पत्र द्यायचं ठरलं, नकाशा आणि मोरीचा फोटो जोडून, आणि तोवर गाळ गावानं श्रमदानातून काढायचा.

४ मे, रविवार

काकूंबरोबर जाऊन झऱ्याचा बिंदू घेतला, क्रमांक ६४. दगड ओले आहेत, पाणी उभं नाही.

श्रमदानाला सकाळी सात वाजता तीसेक माणसं आली. मोरी आरपार दिसायला लागली, पलीकडचा उजेड दिसतो आता. तोंडाला दगडाची जाळी करायला हवी, नाहीतर पहिल्या वळवातच परत भरेल. दादा जाळीचं बघतोय.

ग्रामपंचायतीच्या विहिरीची आजची पातळी, सकाळी साडेसहा, मोटरच्या आधी: कठड्यापासून ३४ फूट २ इंच. मृग लागायच्या आत अजून दोनदा घ्यायची, आणि पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन मोरीपाशी जाऊन उभं राहायचं, पाणी कुठल्या बाजूला वळतं त्याचा व्हिडिओ काढायचा.